आर.सी. विमान उडवायला शिकताना : टेबलापासून लँडिंगपर्यंतचा क्रम

नवशिक्याचं आर.सी., म्हणजे जमिनीवरून रेडिओनं चालवायचं, विमान कसं पडतं याची गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. फेकलं, वर गेलं, डावीकडे झुकलं, घाबरून स्टिक टोकाला नेली, विमान आणखी झुकलं आणि नाकावर आपटलं. सगळा खेळ सात-आठ सेकंदांचा. मग 'वारा आला' किंवा 'सिग्नल गेला' अशी कारणं निघतात. मोडलेलं विमान हातात घेऊन बघितलं तर बॅटरी दोन बोटं मागे बसवलेली असते, नाहीतर एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) उलटे चालत असतात, नाहीतर विमान अंगावर यायला लागल्यावर डावं-उजवं कुठलं हेच कळलेलं नसतं. यातली एकही गोष्ट हवेत दुरुस्त होत नाही. म्हणून खाली क्रम दिला आहे. टप्पे पुढे-मागे करू नका आणि 'हे मला येतं' म्हणून एखादा गाळू नका. गाळलेलाच टप्पा अंगलट येतो.

## टप्पा १ : विमान आणि रेडिओ

लढाऊ विमानाचा डौल डोक्यातून काढून टाका. शिकायला ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीच बनवलेलं विमान, लागतो. त्याचा पंख बॉडीच्या वर बसवलेला असतो, पंखांची टोकं किंचित वर उचललेली असतात, शेपूट लांब आणि मोठी असते. टोकं उचललेली असल्यामुळे विमान झुकलं तरी आपणहून सरळ व्हायला बघतं. बॉडीखाली पंख असलेलं विमान ज्या कोनात झुकवाल त्या कोनात राहतं, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच नको असतं.

पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत साधारण १.२ ते १.४ मीटर असावी. 'आधी छोटं घेऊ, पडलं तरी हरकत नाही' म्हणून ६० सेंटीमीटरचं विमान घेणारे पुष्कळ. छोटं विमान वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीनं हलतं, वेगानं वळतं आणि ऐंशी मीटरवर गेलं की ठिपका होतं. मोठं विमान उडवायला सोपं असतं. साहित्य ईपीओ फोम घ्या. बाल्साचं लाकडी विमान देखणं दिसतं, पण पहिल्याच आपटीत त्याच्या काड्या होतात.

रेडिओ, म्हणजे हातात धरायचा दोन स्टिकचा रिमोट, २.४ गिगाहर्ट्झचा, निदान सहा चॅनलचा असावा (एका चॅनलवर विमानाचा एक भाग चालतो). त्यात थ्रॉटल कट (मोटर चुकून सुरू होऊ न देणारा स्विच), ड्युअल रेट (पूर्ण स्टिकलाही कमी हालचाल), एक्स्पो (मध्याजवळ मऊ हालचाल) आणि ट्रेनर जोडणी या चार सोयी हव्यात. ट्रेनर जोडणी म्हणजे शिकवणाऱ्याचा आणि तुमचा असे दोन रेडिओ जोडता येतात. तुमच्या हातून विमान सुटायला लागलं की तो एका स्विचनं ताबा घेतो. असा शिकवणारा मिळत असेल तर निम्मा मोडतोडीचा खर्च वाचला म्हणून समजा.

मोड एकदाच ठरवा. मोड २ मध्ये डाव्या स्टिकवर थ्रॉटल (मोटरचा जोर) आणि रडर (शेपटीची उभी हलती पट्टी, नाक डावी-उजवीकडे नेणारी), उजव्या स्टिकवर एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी, नाक वर-खाली करणारी) आणि एलेरॉन. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे आणि एलिव्हेटर डावीकडे जातो. कुठलाही चालतो. तुमच्या मैदानावर जो शिकवणार आहे त्याचा मोड घ्या, म्हणजे अडीनडीला त्याला रेडिओ हातात देता येईल.

जायरो, म्हणजे विमानाचं हलणं ओळखून ते स्वतः सावरणारं उपकरण, असलेली विमानं आता सहज मिळतात. जायरो वाऱ्याचे धक्के खातो, आणि काहींमध्ये स्टिक सोडली की विमान स्वतः सरळ होतं. हे वाईट नाही. पण तो कायम चालू ठेवून शिकलात तर तुम्ही विमान उडवत नसता, त्याला फक्त दिशा सुचवत असता. पहिली काही उड्डाणं जायरोवर करा, मग भरपूर उंचीवर तो बंद करायची सवय लावा.

## टप्पा २ : सिम्युलेटर

संगणकावर खोटं विमान उडवायचा, सगळ्यांना कंटाळवाणा वाटणारा आणि सगळ्यात जास्त गाळला जाणारा टप्पा. मूळ अडचण एकच आहे : विमान तुमच्यापासून दूर जात असताना उजवी स्टिक म्हणजे उजवीकडे. विमान वळून तुमच्याकडे यायला लागलं की तीच उजवी स्टिक त्याला तुमच्या डाव्या हाताला नेते. हे समजायला एक मिनिट लागतं. बोटांत उतरायला तास लागतात, आणि ते तास हवेत घालवायचे तर दर तासाला एक विमान लागेल.

संगणकाला आपलाच रेडिओ जोडा. कीबोर्डवर किंवा खेळाच्या पॅडवर केलेल्या सरावाचा उपयोग नाही, कारण त्यांच्या काड्यांची चाल वेगळी असते. मग या क्रमानं :

१. अर्ध्या थ्रॉटलवर सरळ, एकाच उंचीवर लांब फेऱ्या. कंटाळा येईपर्यंत.

२. आयताकार फेरी, आधी फक्त डावीकडून, मग फक्त उजवीकडून. बहुतेकांचा एक हात बरा असतो आणि ते नकळत त्याच बाजूनं वळत राहतात.

३. विमान समोरून सरळ अंगावर आणणं. इथे एक युक्ती पाठ करा : जो पंख खाली गेलेला दिसेल, त्या बाजूला स्टिक न्या, जणू त्या पंखाला खालून टेकू देताय. डावं-उजवं असा विचारच करायचा नाही.

४. लँडिंग. फक्त लँडिंग, पुन्हा पुन्हा.

रोज वीस मिनिटं बसा. रविवारी एकदम तीन तास बसून तेवढा फायदा होत नाही.

सिम्युलेटरवरचं सगळ्यात घातक बटण म्हणजे रीसेट. विमान वाकडं गेलं की अंगठा तिकडे जातो. ती सवय लागली की हातून विमान सावरायची वेळच येत नाही, आणि मैदानावर ते बटण नसतं. विमान जमिनीला लागेपर्यंत झगडायचं, असा नियम स्वतःला घालून घ्या.

तपासा : सिम्युलेटरमध्ये ताशी १० किलोमीटर वारा लावून सलग दहा लँडिंग विमान न मोडता होतात का? सातव्याला मोडलं तर मोजणी पुन्हा एकपासून.

## टप्पा ३ : बॅटरी

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल चार आकडे डोक्यात ठेवा. एका सेलचा पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास, आणि ३.० च्या खाली कधीच नाही. म्हणजे तीन सेलची, ज्याला ३एस म्हणतात ती बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते.

चार्जिंग १सी नं, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेएवढ्याच आकड्याच्या करंटनं, करा : २२०० एमएएच (मिलीअँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला २.२ अँपिअर. चार्जरवर लिपो हाच प्रकार आणि सेलची संख्या बरोबर आहे ना, हे दर वेळी डोळ्यांनी वाचा. बॅलन्सची छोटी पांढरी पिनही जोडा. ती न जोडता चार्ज केलं तर एक सेल जास्त भरतो, दुसरा उपाशी राहतो.

इशारा : चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका. फुगलेली, दबलेली किंवा गोडसर वास येणारी बॅटरी 'अजून एकदा' वापरायची नसते. उड्डाणानंतर गरम असलेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जरला लावू नका.

किती मिनिटं उडवायचं याचा अंदाज बांधू नका, मोजा. पहिल्या उड्डाणाला रेडिओवर चार मिनिटांचा टायमर लावा. घरी येऊन चार्ज करताना बॅटरीत किती परत गेलं ते चार्जर दाखवतो. समजा २२०० च्या बॅटरीत ११०० गेलं. म्हणजे मिनिटाला २७५. बॅटरीचे ८० टक्के म्हणजे १७६०, त्याला २७५ नं भागलं की सहा मिनिटं आणि थोडं. टायमर सहावर ठेवा. उरलेले वीस टक्के हुकलेल्या लँडिंगसाठी राखीव.

## टप्पा ४ : टेबलावरची जुळणी

या टप्प्याला एक पूर्ण संध्याकाळ द्या. प्रॉप, म्हणजे मोटरवर फिरणारा पंखा, काढून ठेवा. मोटर एका क्षणात पूर्ण वेगावर जाते आणि प्रॉप बोट कापतो. हे वाचून 'मी सांभाळून करेन' म्हणणाऱ्यांचीच बोटं टाके घालून घेतात.

### बॅलन्स

विमानाचा तोल जिथे साधतो त्या जागेला सगळे सी.जी. म्हणतात. माहितीपत्रकात ती मिलिमीटरमध्ये दिलेली असते. नसेल तर सरळ आयताकृती पंखासाठी पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्के मागे धरा. पंख २० सेंटीमीटर रुंद असेल तर पुढून ५ ते ६ सेंटीमीटर. तिथे दोन्ही पंखांच्या खाली, बॉडीजवळ, पेन्सिलनं खूण करा.

बॅटरी जागेवर बसवा आणि झाकण लावा. रिकामं विमान तोलून काही उपयोग नाही. आता दोन्ही तर्जनींची टोकं खुणांवर ठेवून विमान उचला. सरळ राहिलं किंवा नाक किंचित खाली गेलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. ती पुढच्या भिंतीला टेकली आणि तरी शेपूट जडच असेल, तर नाकात वजन चिकटवा. जमलं की बॅटरीच्या पुढच्या कडेपाशी आत मार्करनं रेघ मारा. ही रेघ महत्त्वाची आहे. मैदानावर घाईत बॅटरी बदलताना ती बोटभर मागे राहते आणि तोल गेलेला कळतही नाही. वेल्क्रो आणि पट्टा दोन्ही लावा, नाहीतर वर चढताना बॅटरी मागे घसरते.

नाक जड असलं तर विमान सुस्त उडतं आणि जरा वेगानं उतरतं. शेपूट जड असलं तर एलिव्हेटरला हात लावताच नाक आभाळाकडे जातं. दोन्हींत निवडायची वेळ आली तर नाकच जड ठेवा.

### दिशा

विमानाच्या मागे उभे राहा, नाक तुमच्यापासून दूर. पुढून बघून तपासलं तर हमखास घोटाळा होतो. आता एकेक :

एलेरॉनची स्टिक उजवीकडे : उजव्या पंखाचा एलेरॉन वर, डाव्याचा खाली.

एलिव्हेटरची स्टिक स्वतःकडे : एलिव्हेटरची मागची कड वर.

रडरची स्टिक उजवीकडे : रडरची मागची कड उजवीकडे.

काही हलतंय एवढ्यावर समाधान मानू नका, कुठे हलतंय ते मोठ्यानं बोला. हे मी अनुभवानं सांगतोय. माझ्या दुसऱ्या विमानाचा एक सर्व्हो (एलेरॉन वगैरे हलवणारी छोटी मोटर) बदलला होता. मैदानावर स्टिक हलवली, एलेरॉन हलले, 'चालतंय' म्हणालो आणि मित्राला फेकायला सांगितलं. डावा पंख जरा खाली गेला, मी उजवी स्टिक दिली, तो आणखी खाली गेला. मी आणखी उजवी दिली. एलेरॉन उलटे आहेत हे मला विमान जमिनीत घुसल्यावर कळलं. तपासायला दहा सेकंद लागले असते.

जायरो असेल तर त्याचीही दिशा बघा. जायरो चालू ठेवून विमान हातात धरा आणि उजवा पंख झटकन खाली करा. उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे तो पंख वर उचलायला बघतोय. वर गेला तर जायरो उलटा आहे, आणि असं विमान हवेत सावरता येत नाही.

### रेट आणि एक्स्पो

ड्युअल रेट ६० ते ७० टक्के, एक्स्पो साधारण ३० टक्के. एक्स्पोमुळे स्टिकच्या मध्यावरची हालचाल मऊ होते. यातली मेख अशी की काही कंपन्यांच्या रेडिओत मऊ करायला अधिक आकडा घालतात, काहींत उणे. आकडा घालून झाला की स्टिक थोडीशी हलवून बघा. मध्याजवळ सरफेस (म्हणजे एलेरॉन, एलिव्हेटर किंवा रडर) आधीपेक्षा कमी हलला तर बरोबर.

### फेलसेफ

सिग्नल तुटला तर मोटर बंद व्हायला हवी. प्रॉप काढलेलाच आहे. थ्रॉटल थोडा वर करा, मोटर फिरू द्या आणि रेडिओ बंद करा. मोटर थांबली नाही तर रेडिओच्या माहितीपत्रकाप्रमाणे फेलसेफ लावा आणि पुन्हा बघा. रेडिओ आधी बंद करायची परवानगी फक्त या चाचणीपुरती. एरवी रेडिओ सगळ्यांत आधी चालू, सगळ्यांत शेवटी बंद.

आता प्रॉप लावा. त्यावर ९×६ असे आकडे असतात : व्यास नऊ इंच, आणि पिच म्हणजे एका फेरीत पुढे जायचं अंतर सहा इंच. आकड्यांची बाजू विमानाच्या पुढच्या दिशेला. उलटा लावला तरी विमान थोडंफार ढकललं जातं, फक्त जोर नसतो, आणि माणूस मोटरला दोष देत बसतो.

## टप्पा ५ : मैदान, वारा, वेळ

मोकळं मैदान, निदान दोन फुटबॉल मैदानांएवढं. झाडं, विजेच्या तारा, रस्ता आणि माणसं तुमच्या मागे असोत वा पुढे, फेरीच्या वाटेत नकोत. शिकणाऱ्यासाठी वीतभर गवत सिमेंटच्या पट्टीपेक्षा कधीही बरं. आपल्या देशाचे विमानवाहतुकीचे नियम आणि जागेच्या मालकाची परवानगी आधीच बघून ठेवा. बऱ्याच देशांत जमिनीपासून १२० मीटरची मर्यादा असते, आणि विमानतळाच्या आसपास तर पूर्ण बंदीही असते.

वाऱ्यासाठी यंत्र लागत नाही. चेहऱ्याला झुळूक जाणवते आणि पानं सळसळतात तेव्हा वारा ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. नवशिक्याची हद्द ही. पानं आणि बारीक काड्या सतत हलायला लागल्या की तो १२ च्या पुढे गेला. विमान गाडीतच राहू द्या. ते जड जातं, मला माहीत आहे, विशेषतः तासभर प्रवास करून आल्यावर. पहाटे आणि सूर्यास्ताच्या आधीचा तास बहुतेक वेळा शांत असतो.

उभे राहताना सूर्य पाठीशी घ्या आणि विमान कायम तुमच्या पुढ्यात ठेवा. डोक्यावरून नेऊ नका. मान वळवता वळवता दिशा हरवते.

## टप्पा ६ : फेकण्याआधीचा क्रम

कागदावर लिहून रेडिओच्या मागे चिकटवा :

१. रेडिओ चालू. मॉडेलचं नाव बरोबर आहे ना?

२. थ्रॉटल खाली, थ्रॉटल कट लावलेला.

३. बॅटरी रेघेवर, पट्टा घट्ट, मग जोडणी. जायरो असेल तर तो जागा होईपर्यंत विमान हलवू नका.

४. मागे उभं राहून तिन्ही सरफेसच्या दिशा, मोठ्यानं.

५. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी रेंज चाचणी : रेडिओ चाचणीच्या मोडवर ठेवा, म्हणजे त्याची ताकद कमी होते. मग माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावर, बहुतेकदा तीसेक पावलांवर, जाऊन सरफेस न अडखळता हलतात का बघा. चाचणीचा मोड बंद करायला विसरू नका.

६. टायमर.

कोणी बोलायला आलं आणि क्रम तुटला तर पुन्हा पहिल्यापासून.

## टप्पा ७ : पहिलं उड्डाण

फेकायला दुसरा माणूस घ्या, तुमचे दोन्ही हात स्टिकवर राहू द्या. फेक वाऱ्याच्या तोंडावर, पंख सपाट, नाक क्षितिजापेक्षा अगदी किंचित वर. थ्रॉटल तीन चतुर्थांश ते पूर्ण. भाला फेकतात तसं सरळ पुढे. आभाळात भिरकावलं तर वेग मिळायच्या आधीच विमान थांबतं आणि कोसळतं. प्रॉप पंखामागे असेल तर हातातून सुटल्यावरच थ्रॉटल द्या.

पट्टीवरून उडवत असाल तर थ्रॉटल हळूहळू वाढवा. नाकातल्या मोटरचं विमान डावीकडे ओढतं, कारण नेहमीचा प्रॉप मागून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. उजव्या रडरचा हलका हात ठेवा आणि पुरेसा वेग आल्याशिवाय एलिव्हेटर ओढू नका.

सरळ चढा, उतार कमी ठेवा, आणि पंधरा मजली इमारतीएवढ्या, म्हणजे पन्नासेक मीटर उंचीवर जाईपर्यंत वळू नका. त्या उंचीवर दोन चुका परवडतात. तिथे पोचल्यावर थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि ट्रिम करा : क्षणभर स्टिक सोडा, विमान कुठे ओढतंय ते बघा, त्याच्या उलट दिशेला ट्रिमचे दोन-तीन क्लिक. डावीकडे झुकत असेल तर उजवे क्लिक. पूर्ण थ्रॉटलवर ट्रिम केलंत तर अर्ध्यावर आल्यावर सगळं पुन्हा बिघडतं.

वळण तीन हालचालींचं असतं. एलेरॉननं थोडं झुकवा आणि स्टिक मध्यावर आणा. मग एलिव्हेटर हलका स्वतःकडे, त्यानंच विमान वळतं. शेवटी उलटा एलेरॉन देऊन सरळ करा. नवशिक्या पहिली हालचाल धरूनच ठेवतो, विमान कुशीवर जातं आणि गोल फिरत खाली येतं. तसं झालं तर थ्रॉटल कमी, पंख आधी सपाट, मग हळू एलिव्हेटर. कुशीवर असताना एलिव्हेटर ओढला तर भोवरा आणखी घट्ट होतो.

इशारा : वारा ताशी १० किलोमीटर आणि विमानाचा हवेतला वेग ३५ असेल, तर वाऱ्याबरोबर जाताना ते जमिनीवरून ४५ नं जाताना दिसतं आणि वाऱ्याविरुद्ध २५ नं. ४५ बघून माणूस घाबरतो आणि थ्रॉटल ओढतो. पंखाला मात्र हवेतलाच वेग कळतो. तो फार कमी झाला की विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल संपून कोसळतं. वाऱ्याबरोबर जाताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, थ्रॉटल आहे तिथे ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, उंचावर, मुद्दाम स्टॉल करून बघा. थ्रॉटल खाली आणा आणि एलिव्हेटर हळूहळू ओढत राहा. आधी स्टिकला उत्तर मिळेनासं होतं, विमान लोण्यातून चालल्यासारखं वाटतं, मग नाक किंवा एक पंख गळतो. एलिव्हेटर सोडा, थ्रॉटल द्या, पंख सपाट करा. पाच-सहा वेळा. हे 'लोणी' बोटांना ओळखीचं झालं पाहिजे, कारण पुढचा टप्पा त्याच्याच काठावर चालतो.

## टप्पा ८ : लँडिंग

बॅटरी संपत आल्यावर पहिलं लँडिंग करू नका. टायमरची दोन मिनिटं उरलेली असताना सुरुवात करा, म्हणजे तीन-चार वेळा हुकलं तरी चालेल.

आधी न उतरता नुसत्या फेऱ्या मारा : वाऱ्याबरोबर तुमच्यासमोरून आडवं जायचं, पुढे जाऊन वळायचं, पुन्हा वळून वाऱ्याच्या तोंडावर यायचं. एकदा दहा मीटरवरून, मग पाच मीटरवरून. विमान तुमच्या पायाशी उतरवायचा हट्ट नको. ते तुमच्यापासून पंधरा-वीस मीटर पुढच्या रेघेवर, आडवं जाताना उतरू द्या.

शेवटचं वळण सगळ्यात जास्त विमानं खातं. उंची कमी, वेग कमी, रेघ चुकतेय म्हणून माणूस वळण आवळतो, एलिव्हेटर ओढतो, आणि आतला पंख गळतो. वळण चुकलं तर चुकू द्या. पंख सपाट, पूर्ण थ्रॉटल, वर जा, पुन्हा फेरी.

वळून सरळ झाल्यावर एक गोष्ट उलटी वाटते, पण तशीच करायची : उंची थ्रॉटलनं सांभाळा, वेग एलिव्हेटरनं. विमान पट्टीच्या अलीकडे पडेल असं दिसलं की हात एलिव्हेटर ओढायला शिवशिवतो. नाक वर जातं, वेग मरतो आणि विमान होतं त्याहून अलीकडे, धपकन पडतं. त्याऐवजी थ्रॉटलचे दोन-तीन टक वर. लांब जात असेल तर तेवढेच खाली.

गुडघ्याएवढ्या उंचीवर थ्रॉटल पूर्ण खाली आणि एलिव्हेटर हळूहळू स्वतःकडे, जणू विमानाला जमिनीवर बसू द्यायचं नाही. ते बसतंच, फक्त मऊ बसतं. इथे एकदम ओढलं तर विमान पुन्हा वर उडतं आणि तिथून नाकावर येतं. तसं झालंच तर ढकलू नका, थोडा थ्रॉटल देऊन सपाट धरा.

हवेत मोटर बंद पडली तर नाक किंचित खाली, वेग राखा, जमेल तेवढं वाऱ्याच्या तोंडावर आणि सरळ पुढे उतरा. पट्टीवर परत आणायच्या नादात वळलेली विमानंच मोडतात. गवतात उतरलेलं विमान चालत जाऊन आणता येतं.

तपासा : उतरल्यावर थ्रॉटल कट, मग विमानाकडे चालत जा, बॅटरी काढा, शेवटी रेडिओ बंद. याच क्रमानं.

## टप्पा ९ : पडल्यावर

पडतंय हे दिसताच थ्रॉटल शून्य. प्रॉप मातीत अडकला आणि मोटरला वीज मिळत राहिली तर स्पीड कंट्रोलर (मोटरला हवी तेवढी वीज देणारा भाग) जळतो.

विमान झाडीत दिसेनासं झालं तर जागेवरून हलू नका. ते जिथे गेलं त्याच्या मागचं एखादं झाड, खांब, काहीतरी हेरा आणि मित्राला त्या रेघेत सरळ चालत पाठवा. तुम्ही जागेवरूनच हातानं डावं-उजवं दाखवा. रेडिओ चालूच ठेवा. तो जवळ पोचला की एलेरॉनची स्टिक हलवा, सर्व्होचा किरकिर आवाज गवतातूनही ऐकू येतो.

बॅटरी आधी काढा. ती चेपली किंवा फुगली असेल तर गाडीत ठेवू नका. उघड्या जागी, सुकं गवत नसलेल्या मातीवर किंवा वाळूत ठेवून अर्धा तास लक्ष ठेवा. लिपो कधी कधी उशिरा पेटते.

ईपीओ फोमचं चेपलेलं नाक उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरलं की बरंचसं फुगून मूळ आकारावर येतं. तुटलेला तुकडा इपॉक्सीनं किंवा फोमला चालणाऱ्या गोंदानं चिकटवा. साधा झटपट गोंद ईपीओला चालतो, पण तोच थर्मोकोलवर टाकलात तर थर्मोकोल विरघळून भोक पडतं. प्रॉपला केसाएवढी चीर दिसली तरी तो फेकून द्या.

दुरुस्तीत गोंदाचं वजन वाढतं आणि ते बहुधा नाकात किंवा शेपटीत वाढतं. सर्व्होचे दांडे वाकतात, खाचेतून निसटतात. म्हणून चिकटवलेलं विमान सरळ मैदानावर नेऊ नका. प्रॉप काढा आणि टप्पा ४ पुन्हा पहिल्या ओळीपासून करा. बॅटरीची जुनी रेघ पुसून नवी मारा.